पैदावार

उर्दूत मूल जन्मते ती पैदाइश आणि शेतात पिकते ती पैदावार. दोन्ही शब्द एकाच फारसी मुळाचे. मराठीनेही त्यातला 'पैदास' घेतला, पण तो गुरांकडे आणि शिवीकडे वळला, ते असो. पण उत्पादक कोण, हा प्रश्न निघाला की बाईचे नाव शेवटी येते, आणि तेही आलेच तर.

आम्ही शिक्षक मंडळी जनगणनेच्या कामाला जातो. 2011 साली मालेगावच्या यंत्रमागाच्या मोहल्ल्यांत 'गेल्या वर्षी काम केले का?' असे विचारले की ओट्यावरचा पुरुष बायकोच्या वतीने उत्तर द्यायचा, "वो कुछ काम नहीं करती, घरपेच रहती." आत कांडी भरण्याचा आवाज चालूच असायचा. कांडी भरल्याशिवाय माग चालत नाही, हे त्याला आम्ही काय सांगणार! घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतसुद्धा काम धरावी, असा नियम होता. म्हणून आम्ही पुन्हा विचारायचो, "कांडी कौन भरता?" पडद्याआडून आवाज यायचा, "मैंच." मग तिची नोंद काम करणाऱ्यांत व्हायची. म्हणजे नियम नवऱ्यापेक्षा बरा.

पण नियमाचीही तऱ्हा अशी की, घरच्यापुरते म्हशीचे दूध काढले तर ते उत्पादक काम, आणि तेच दूध तापवून लेकरांना पाजले तर ते नाही. धार काढून उठले की बाईचे काम संपले! सरकारच्याच 2019 च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोजची 299 मिनिटे जातात असे निघाले. ते काम करणाऱ्या पुरुषाची 97. 2024 च्या पाहणीत हेच आकडे 289 आणि 88. मिनिटे मोजली गेली, पैदावारीत धरली गेली नाहीत. डॉक्टर लोक कफ पडणाऱ्या खोकल्याला इंग्रजीत 'प्रॉडक्टिव्ह' म्हणतात. सुताच्या धुळीत खोकणाऱ्या आमच्या खालाजान त्या हिशेबाने तरी उत्पादक ठरतात.

उर्दूत रकान्यालाही 'खाना' म्हणतात. एका घरी कांडीची नोंद झाल्यावर बाईने सहज विचारले, "आपा, रोटी पकाने का खाना किधर है?" घरकामाचा रकाना फॉर्मात होता. तो विद्यार्थी, पेन्शनर आणि भिकारी यांच्याबरोबर, बिगर-आर्थिक कामांच्या सदरात होता.