पडद्यावरची वीज

मी मराठी माध्यमातून बी.ए. झाले आणि आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. विजेचं शास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण नात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला आहे आणि तिचा बराचसा अभ्यास लॅपटॉपवरच चालतो. मग मनात येतंच, पडद्यावर शिकून खरी वीज कळते का हो?

तिचं म्हणणं, "आजी, चारशे केव्हीच्या लाइनवर मुद्दाम शॉर्ट सर्किट करून बघायला कोण देईल?" अगदी खरं! ते सॉफ्टवेअरनेच करू जाणे. त्यातही ज्याचं त्याचं काम वेगळं. कारखान्यातल्या रिलेंचा क्रम लावायला ईटॅप, तर क्षणार्धात येऊन जाणारे विजेचे झटके तपासायला पीएसकॅड.

पण तिनेच सांगितलेली एक हकीकत मनातून जात नाही. १० ऑगस्ट १९९६. अमेरिकेच्या पश्चिम भागात कडक उन्हाळा. भाराने तापलेल्या तारा झुकून झाडांना लागल्या, लाइनी बंद पडत गेल्या. ग्रिडमध्ये विजेचे हेलकावे सुरू झाले, वाढत गेले आणि ग्रिडचे चार तुकडे झाले. सुमारे ७५ लाख ग्राहकांची वीज गेली. नंतर इंजिनिअरांनी तीच परिस्थिती नेहमीच्या मॉडेलमध्ये घालून पाहिली, तर संगणक म्हणाला, हेलकावे आपोआप शांत होतील!

गणित चुकलं नव्हतं. दिलेली माहिती वास्तवाला धरून नव्हती. व्होल्टेज उतरल्यावर लोकांकडच्या मोटारी कशा वागतात, जनित्रांचे गव्हर्नर प्रत्यक्षात किती साथ देतात, हे मॉडेलमध्ये नीट उतरलंच नव्हतं. ते सुधारल्यावर संगणकाचा आलेख प्रत्यक्ष नोंदींशी जुळला. पुढे जनित्रांच्या जागेवर जाऊन चाचण्या घेणंही बंधनकारक झालं.

मी वर्गात आधी नकाशा दाखवायचे, मग मुलांना शाळेमागच्या ओढ्यावर न्यायचे. नकाशाशिवाय ओढा कुठून येतो, कुठे जातो ते कळत नाही. आणि ओढ्यावर गेल्याशिवाय नकाशा बरोबर आहे का, ते कळत नाही.

म्हणून नातीला एवढंच सांगते. सॉफ्टवेअर मन लावून शिक, पण उत्तर आलं की विचार, हे आकडे कुणी मोजले? कुठे? कधी? उद्या तुझ्या आकड्यांवरून एखाद्या सबस्टेशनचा रिले लागेल, आणि त्याच्या भरवशावर कुणाच्या तरी घरचा लाइनमन कामाला जाईल.