दोन वाटांचा हिशेब

आमच्या गिरगावच्या वाडीत कुणी आजारी पडले की वार्ता तत्काळ घरोघरी पोहोचते. परंतु प्रोस्टेट ग्रंथीचे नाव पुरुषांच्या तोंडून सहसा निघत नाही. आमच्या वडीलबंधूंनीही आपला कर्करोग आम्हांला कित्येक आठवडे कळू दिला नाही. किरणोपचार ठरले तेव्हा डॉक्टरांनी दोन वाटा समोर ठेवल्या : किरण केवळ ग्रंथीवर द्यावेत, की ओटीपोटातील लसिकाग्रंथींवरही?

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने या प्रश्नाचा कसोशीने शोध घेतलेला आहे. २०११ ते २०१७ या काळात अधिक जोखमीच्या २२४ रुग्णांचे तेथे दोन गट करण्यात आले. सीटी स्कॅनवर सीमा आखून, किरणांची तीव्रता जागोजागी कमी-अधिक करून, दोहोंनाही २५ बैठकांत उपचार दिले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर आजार रक्तातील पीएसएच्या रूपाने न उलटण्याचे प्रमाण विस्तृत क्षेत्राच्या गटात शेकडा ९५, तर दुसऱ्यात ८१ होते. मात्र एकूण जीवितात तेवढ्या अवधीत लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय विस्तृत क्षेत्राच्या गटात लघवीचे त्रास पुढे अधिक जाणवले.

हे सारे ऐकून बंधूंनी विस्तृत क्षेत्राचे उपचार पत्करले. लघवीचा त्रास त्यांना आजही होतो. पण आता ते तो मोकळेपणी सांगतात. आमच्या वाचकबंधूंनीही असे दुखणे घरात लपवू नये, एवढीच विनंती.