बंब

नरकचतुर्दशीच्या पहाटे मला हटकून आठवण होते ती आमच्या जुन्या घरातल्या तांब्याच्या बंबाची. आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून आजी त्याला असा काही घासायची की ओळखीचा बंब अनोळखी वाटू लागे. मग त्याच्या गळ्यात झेंडूची माळ. पहाटे चारला त्याच्या नळीत लाकडाच्या ढलप्या पडत, धूर घरभर होई आणि उटण्याच्या वासात मिसळून जाई. आता गीझर आहे. पाणी तोही तापवतो; पण त्याच्यापुढे पाट टाकून कोणी शेकत बसत नाही. असो. मी 'आमच्या वेळी' असे सुरू केले की आमची नात उठून जाते, म्हणून इथेच थांबतो.

आपल्या भाषेची एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. पाणी तापवतो तो बंब, आणि आग लागली म्हणजे घंटा बडवीत धावतो तोही बंबच! एकाच्या पोटात आग, दुसऱ्याच्या पोटात पाणी. लहानपणी मला या नावाचे मोठे कोडे पडे. पुढे हे दोन्ही बंब एका अमेरिकन कादंबरीत एकत्र भेटतील, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

आजीला अक्षरओळख नव्हती. गोष्टी मात्र अमाप. त्यांना तिचा एकच कायदा: दिवसा गोष्ट सांगायची नाही. दिवसा गोष्ट सांगितली की कुणाचा तरी मामा वाट चुकतो म्हणे. मला दोन मामा होते आणि दोघांवरही माझा जीव होता, त्यामुळे दिवे लागेपर्यंत मी कसाबसा दम धरीत असे.

मला वाचता येऊ लागले तशी या व्यवहाराची उलटापालट झाली. रात्री स्वयंपाकघरात मी वाचायचा आणि आजीने ऐकायचे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे ते दिवस. भाड्याने आणलेले असेच एक पुस्तक १९५८ साली, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, माझ्या भूगोलाच्या पुस्तकात अण्णांना सापडले. अण्णा रागीट नव्हते. त्यांनी मला मारले नाही, ओरडलेही नाहीत. न्हाणीघरात गेले, बंबाच्या नळीत पुस्तक टाकले आणि म्हणाले, "आता पाणी लवकर तापेल."

आजी पाटावर बसली होती. ती काही बोलली नाही. रात्री माझ्या अंथरुणाशी येऊन हळूच म्हणाली, "त्या तळघरात कोंडलेल्या पोरीचं पुढं काय झालं रे?"

"आता कसं कळणार, आजी? पुस्तक जळलं."

"पुस्तक जळलं. पोरगी अजून तळघरातच आहे ना? तिला तशीच ठेवतोस होय?"

मग अंधारात बसून आम्ही दोघांनी त्या मुलीला बाहेर काढले. आजीच्या शेवटात गुप्तहेराने पिस्तूल चालवले नाही. तो चोराच्या आईकडे गेला, तिच्या हातचे पिठले-भात जेवला आणि किल्ली मागून घेऊन आला.

पुढे मी मुंबईत नोकरीला लागलो. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग असत, त्यांतच एके दिवशी रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' हाती लागली. कागद पेट घेतो ते हे तापमान, असे पुस्तकातच सांगितले आहे. कादंबरी १९५३ ची. त्यातल्या गावात घरांना आग लागत नाही. बंबवाल्यांचे काम आग लावणे हे! त्यांच्या बंबात पाण्याऐवजी रॉकेल असते. कुणाच्या घरी पुस्तक आहे असे कळले की घंटा वाजवीत जायचे आणि पुस्तकांसह घर पेटवून द्यायचे. मॉन्टॅग हा असाच एक बंबवाला. एके दिवशी तो एक पुस्तक लपवून घरी आणतो, आणि तिथून त्याचा जो पाठलाग सुरू होतो तो वाचताना माझी लोकल दादर सोडून पुढे गेली तरी मला पत्ता नव्हता. आठ पायांचे एक यांत्रिक कुत्रे वास घेत त्याच्यामागे सुटते. सारे गाव भिंतीएवढ्या पडद्यांवर ती शिकार पाहत असते. मॉन्टॅग नदीत उतरून निसटतो, तेव्हा प्रेक्षकांची निराशा नको म्हणून भलत्याच एका माणसाला पकडून खेळ पुरा केला जातो.

ही कादंबरी जन्मली कशी, तेही मौजेचे आहे. घरात लहान मुलींचा खेळ, आणि लिहायला खोली भाड्याने घेण्याइतके पैसे नाहीत, म्हणून ब्रॅडबरी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरात जाऊन बसे. तिथल्या टंकयंत्राचे भाडे अर्ध्या तासाला १० सेंट. पहिला खर्डा ९ डॉलर ८० सेंटमध्ये उतरला. पुस्तके जाळण्याची गोष्ट पुस्तकांच्याच खाली बसून लिहिली गेली! पुढे १९६७ साली या कादंबरीची शाळांसाठी आवृत्ती निघाली, तेव्हा प्रकाशकांनीच लेखकाला न विचारता ठिकठिकाणी शब्द गाळले आणि बदलले. ही गोष्ट त्याच्या कानावर आली ती दहा-बारा वर्षांनी.

त्या गावातली ही बंदी प्रथम सरकारने घातलेली नाही. बंबवाल्यांचा कॅप्टन मॉन्टॅगला बजावतो की लोकांनाच पुस्तकांचा कंटाळा आला. आधी ती आखूड झाली, मग कुणाकुणाला बोचू लागली म्हणून गेली, आणि आम्ही आलो ते शेवटी. हे वाचताना मला अण्णांचा राग आला होता. आपण मॉन्टॅगच्या बाजूचे, अशी माझी खात्रीच होती.

आता जे सांगायचे ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. १९९१ साली माझा मुलगा बारावीला होता. त्याच्या टेबलावर मला एक दोनशे पानी वही सापडली. मला वाटले रसायनशास्त्र. पाहतो तो गोष्ट! चंद्रावर अडकून पडलेल्या एका टपालवाल्याची. चार पाने मी उभ्या उभ्या वाचली, आणि ती चांगली होती. चांगली होती म्हणूनच मला अधिक भीती वाटली. दुसऱ्या दिवशी रद्दीवाला आला, तेव्हा ती वही मी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात घातली. बंब तोवर घरातून गेला होता, एवढाच काय तो फरक. मुलाने वही शोधली, कुणाला काही विचारले नाही आणि पुढे तो इंजिनियर झाला. चांगला झाला.

गेल्या दिवाळीत नात फराळाच्या ताटाशी बसून तीच कादंबरी फोनवर वाचत होती. शेवटी मॉन्टॅगला रुळांकाठी काही माणसे भेटतात. प्रत्येकाने एकेक पुस्तक पाठ केले आहे. पुस्तके जळली, तरी ती या माणसांत चालती-बोलती आहेत. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही कोणतं पुस्तक झाला असता?"

मी आठवून पाहिले. एवढे वाचले, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सांगता येईल असे एकच निघाले: ते जळालेले, पिठले-भाताच्या शेवटाचे. मी तसे सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही?"

मुलगा न्हाऊन केस पुसत उभा होता. क्षणभर त्याने माझ्याकडे पाहिले. "मी?" तो म्हणाला. "एक टपालवाला असतो. त्याच्या पिशवीत शेवटचं एक पत्र उरलेलं असतं, आणि ते पोचवायचं असतं चंद्रावर."

माझ्या हातातली चकली हातातच राहिली.

"पुढं?" नातीने फोन खाली ठेवला होता.

"आत्ता नाही. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. हो ना, बाबा?"

मी मान हलवली. संध्याकाळी पणत्या लावून झाल्या, तेव्हा सर्वांच्या आधी मीच जाऊन सतरंजीवर बसलो.