अण्णांची पदके

मराठी माणसाचा कागदावर मोठा विश्वास. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि सात-बाराचा उतारा, एवढे तीन कागद ट्रंकेत असले की आपण या जगात आहोत याची त्याला खात्री वाटते. मी स्वतः सत्तावीस वर्षे बँकेत कारकुनी केली आहे. त्यामुळे कागदाचा महिमा मला कोणी सांगायला नको. पण तोच कागद एखाद्या माणसाला ‘तू तिथे नव्हतासच’ असे सांगू लागला, तर त्याच्या जिवाचे काय होते, हे मात्र मला माझ्या सासऱ्यांमुळे कळले.

आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते सातारा जिल्ह्यातले. त्या मुलखात फौजेत जाणे हे शेती करण्याइतकेच स्वाभाविक. तिथल्या अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्दच कायमचा चिकटला आहे. अण्णा १९६९ साली भरती झाले ते ड्रायव्हर म्हणून. सतरा वर्षे गाड्या हाकल्या आणि १९८६ साली पेन्शन घेऊन गावी आले. सासूबाई गेल्यानंतर ते पुण्याला आमच्याकडे राहू लागले. पहाटे पाचला उठणे, गुळगुळीत दाढी, चादरीची चारी कोपरे जुळवून केलेली घडी, या तीन गोष्टी सोडल्या तर घरात एक माजी सैनिक राहतो याचा कोणाला पत्ताही लागला नसता. युद्धाच्या गोष्टी त्यांनी नातवंडांनाही कधी सांगितल्या नाहीत.

१९७१च्या युद्धाला पन्नास वर्षे झाली, त्या २०२१च्या डिसेंबरात आमच्या सोसायटीने छोटासा सत्कार योजला. चिटणीस म्हणाले, “अण्णा, पदके लावून या हं!” अण्णा आले. कोटावर दोन पदके होती. एक स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे, १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असणाऱ्या सर्वांना मिळालेले, आणि दुसरे नऊ वर्षांच्या सेवेचे. पाहुण्यांत एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी अगदी सहज विचारले, “ईस्टला होता म्हणता, मग पूर्वी स्टार कुठाय?”

“नाही मिळाला,” अण्णा म्हणाले.

एवढेच. सुभेदारसाहेबांच्या मनात काही वाईट नव्हते. पण अण्णांनी नारळ-शाल घेतली, घरी येऊन कोट काढला आणि दोन दिवस धड जेवले नाहीत.

आपण नागरी माणसे पदक म्हटले की शौर्यपदकच समजतो. परमवीर चक्र, वीर चक्र वगैरे. पण फौजेत आणखी एक जात असते, ती मोहिमेच्या पदकांची. त्यासाठी पराक्रम गाजवावा लागत नाही. नेमलेल्या काळात नेमलेल्या ठिकाणी हजर असावे लागते. १९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार, आणि त्याखेरीज युद्धकाळातल्या सेवेचे संग्राम मेडल. या पदकांनी पेन्शन एका रुपयाने वाढत नाही. ती फक्त सांगतात, की हा माणूस तिथे होता.

आणि अण्णा तिथे होते. मेघालयातल्या तुऱ्याहून सरहद्दीकडे जाणाऱ्या रस्त्याने त्यांची गाडी दारूगोळा नेई आणि परतताना जखमींना आणी. पलीकडचे कमालपूरचे ठाणे ४ डिसेंबरला शरण आले आणि फौज जमालपूरच्या दिशेने पुढे सरकली, तसतशा गाड्याही पुढे गेल्या. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. त्यानंतर आठवड्याच्या आतच अण्णांना कावीळ झाली. गुवाहाटीच्या लष्करी रुग्णालयात दोन महिने काढल्यावर त्यांना जुन्या तुकडीत न पाठवता दुसरीकडेच नेमले.

घोटाळा झाला तो इथे. सैनिकाच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट, बदली, बढती, लग्न, मूल, पदक, ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या हुकमाने प्रसिद्ध होते, आणि त्यावरून अभिलेख कार्यालयात त्याच्या ‘शीट रोल’वर चढते. जुन्या तुकडीने पदकांची यादी केली तेव्हा अण्णांचे नाव तिच्या पटावर नव्हते. नव्या तुकडीला वाटले, ते काम जुनीने केले असेल. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे, तर एका शाखेने खाते बंद केले, दुसरीने उघडले, आणि मधल्या वाटेत शिल्लक रक्कमच लिहायची राहून गेली. तेव्हा अण्णा एकवीस वर्षांचे होते. वरिष्ठांना दोनदा विचारले, “येईल, येईल,” असे उत्तर मिळाले, आणि १९८६ साली डिस्चार्ज बुक हाती पडले तेव्हा त्या रकान्यात दोन पदके कमीच होती.

माझा मुलगा सध्याच्या काळातला. त्याने यावर तोडगा काढला. छावणीजवळच्या दुकानात अशी पदके फितीसकट विकत मिळतात. तो आजोबांसाठी दोन्ही घेऊन आला. अण्णांनी ती हातात घेतली, उलटी करून पाहिली. अस्सल पदकावर सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असते; ही कोरी होती. त्यांनी ती नातवाच्या हातात अलगद परत ठेवली. “छान आहेत बाळा. पण ही माझी नव्हेत.”

त्या रात्री मी त्यांना दूध द्यायला गेले तेव्हा म्हटले, “अण्णा, आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे तुम्ही लढाईत होतात. कागदाचं एवढं काय मनाला लावून घेता?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सूनबाई, माझ्या गाडीवर एक जोडीदार होता. खटाव तालुक्यातला. बक्षीगंजच्या अलीकडं तोफेचा गोळा पडला, त्यात तो गेला. त्याची आई मला विचारायची, शेवटी पाणी मागितलं का त्यानं? मी सांगायचो, मागितलं, मी पाजलं. आता कागद म्हणतो, मी तिथं नव्हतोच. मग त्याचं डोकं मांडीवर कोणी घेतलं होतं?”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी एक नवी फाइल आणली.

पुढची हकीकत कोणत्याही सरकारी कामाची असते तशीच आहे. आधी २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अण्णांच्या नोंदींची नक्कल मागवली. तीत बदलीची तारीख होती, रुग्णालयात दाखल झाल्याची तारीख होती, मात्र त्याआधी ते कोठे होते याविषयी अवाक्षर नव्हते. मग अण्णांचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात रुग्णालयाची एक जीर्ण चिठ्ठी निघाली. तिच्यावर डिसेंबर १९७१ची तारीख आणि जुन्या तुकडीचे नाव स्पष्ट होते. अण्णा पूर्व आघाडीवरूनच आजारी होऊन आले, याचा हा पहिला पुरावा. दुसरा मिळाला तो कोल्हापूरकडच्या एका जुन्या हवालदारांकडून. त्यांना नीट दिसत नव्हते, तरी नातवाचा हात धरून ते तहसिलीत आले आणि प्रतिज्ञापत्रावर सही करून गेले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका सद्‌गृहस्थांनी अर्ज कसा लिहावा ते समजावले. “रागाचं एकही वाक्य नको,” ते म्हणाले. “फक्त तारखा लिहा.”

हा सल्ला लाखमोलाचा होता. मी अर्जातली सगळी विशेषणे काढून टाकली. काय राहिले? अमुक दिवशी अमुक तुकडीत, अमुक दिवशी रुग्णालयात, सोबत कागद जोडला आहे.

अर्ज एकदा अपुरा म्हणून परत आला. एकदा उत्तरच आले नाही. एका कचेरीतल्या खिडकीवर तरुण कारकुनाने विचारले, “आजोबा, यात पैसे किती मिळणार?” अण्णा म्हणाले, “काही नाही.” त्याने चमकून वर पाहिले, कागद पुन्हा उलटले, आणि या वेळी मात्र नीट वाचले.

दोन वर्षांनी, २०२४ साली, जाड लिफाफा आला. सुधारलेल्या नोंदीची साक्षांकित प्रत होती, पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, दोन्ही. पदके मागाहून येतील, असे खाली लिहिले होते. अण्णांनी ते मला मोठ्याने वाचायला लावले, आणि मग पुन्हा एकदा. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. फक्त म्हणाले, “उद्याची खटावची एस.टी. किती वाजता आहे, बघ.”

मीही बरोबर गेले. जोडीदाराची आई केव्हाच वारली होती. धाकटी बहीण माहेरी आली होती, तीही आता सत्तरीला टेकलेली. अण्णांनी ओसरीवर बसून तो कागद तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हते. तरी तिने तो दोन्ही हातांनी धरला, कपाळाला लावला आणि म्हणाली, “दादाच्या शेजारी तुमीच हुतासा. आमाला कागूद कशाला पायजे?” अण्णा हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते.

पदके पोहोचली की ती कोटावर लागतील. नाही पोहोचली, तरी अण्णा आता सोसायटीच्या झेंडावंदनाला जातात.

हे सगळे दिवाळीच्या अंकात का सांगावे, असे कोणी विचारील. १९७१ साली विशीत असलेली माणसे आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, आणि त्यांचे साक्षीदार दर वर्षी कमी होत आहेत. आणि याच दिवसांत आपण माळे झाडतो, ट्रंका उपसतो आणि पिवळे पडलेले कागद रद्दीवाल्याच्या तागडीत घालतो. या वेळी घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा आणि एकेक कागद दाखवून विचारा, हा कशाचा? चकलीची सोऱ्या तासभर थांबेल. ती रुग्णालयाची चिठ्ठी आमच्याकडे रद्दीत गेली असती, तर अण्णा आजही ‘तिथे नव्हते’.