नाठी

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आमच्या घरात कोणी मोठ्याने उच्चारीत नसे. तरीही ती ओसरीवर कायमची येऊन बसली होती, असे आता मागे वळून पाहताना वाटते. साठीचे वय तिच्यात बहुधा केवळ यमकाच्या सोयीने आले असावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीत साठी उलटलेल्या शंभर माणसांमागे सरासरी ७.४ जणांनाच स्मृतिभ्रंश असल्याचे अनुमान निघाले. उरलेल्या ब्याण्णवांवर या म्हणीने अन्यायच केला आहे. परंतु मला अडवून धरतो तो साठीचा आकडा नव्हे, तर 'नाठी' हा शब्द.

'नष्ट'पासून 'नट्ठ' आणि त्यापासून 'नाठा', 'नाठी'. आज 'नष्ट' म्हणजे समूळ गेलेले, राख झालेले. पण संस्कृतातील 'नश्' या धातूचा दुसरा अर्थ आहे दिसेनासे होणे, हरवणे. कळपातून चुकलेली गायदेखील नष्टच, आणि अशी जनावरे शोधून आणणारा पूषा हा वैदिक देव मृतांनाही वाट दाखवितो. देवाचे ते काम आमच्या गावात कोंडवाड्याकडे होते. चुकलेले जनावर तेथे रुजू होई, आणि धनी दंड भरून, पावती घेऊन ते सोडवून नेई. लहानपणी कोंडवाड्याच्या भिंतीवर चढून मी आतली जनावरे पाहत बसे; ती घाबरलेली नसत, नुसती उभी असत. बुद्धी नाठी म्हणजे राख झाली, की चुकली?

दिवेलागणीला माझे आजोबा, आबाजी, तलावाच्या पाळीकडे निघत. पटवारी आला असेल, मालगुजाराकडे जायचे आहे, असे ते सांगत. मालगुजारी तर १९५१ सालीच संपली होती. पोटच्या मुलांची नावे त्यांच्या मुखातून निघून गेली होती. मात्र तलावाच्या तुडुमातून सुटलेले पाणी आधी कोणत्या बांधीत उतरते आणि कोणाच्या धुऱ्यावरून पुढे जाते, हे ते न अडखळता सांगत. आजी म्हणे, "म्हातारपन हाय, दुसरं काय." शेजारी म्हणत, सुना पाहत नाहीत. दोन्ही बोलणी माझ्या आईने निमूटपणे ऐकली.

पुढे कित्येक वर्षांनी मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा गोव्यातील लोकांशी बोलून केलेला, २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचला, तेव्हा ती ओसरीच पुन्हा समोर आली. तेथेही लोक या अवस्थेला आजार मानीत नव्हते, वार्धक्यच समजत होते. आणि कारण विचारले, तर मुलांकडून होणारी हेळसांड, प्रेमाचा अभाव, असे सांगत. सेवा पुष्कळदा वारशाच्या आशेवर टिकून असते, हेही त्यात नोंदलेले होते. ते वाचून मला आमच्या घरचे फेरफाराचे कागद आठवले, आणि पुस्तक काही काळ मिटून ठेवावे लागले.

मुंबईत जन्मलेले, हरारेत संशोधन करून गोव्यात 'संगाथ' या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या उभारणीत सहभागी झालेले पटेल, आणि गोव्याचेच डॉ. अमित डायस, यांच्या विद्वत्तेचा मार्ग मला त्या कोंडवाड्यापाशी येऊन थबकलेला दिसतो. डायस आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ८१ कुटुंबे होती. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी घरोघरी जाऊन सांभाळणाऱ्यांना धीर दिला, माहिती दिली. सांभाळणाऱ्यांचे मन निश्चितपणे हलके झाले. रुग्णांच्या वागण्यात वा क्षमतेत पडलेला फरक मात्र खात्रीने सांगण्याजोगा नव्हता. एखाद्याने आयुष्याची उमेदीची वर्षे वेचून, चुकलेली गाय परत न आणता, गोठ्याशी वाट पाहणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवावा, ही गोष्ट थोर आहे असे मला वाटते. ती पुरेशी आहे काय, हे मात्र ज्याच्या गोठ्यात दावे रिकामे लोंबते त्यालाच विचारायला हवे. आणि आमच्या घरात तसे विचारायला कोणी आले नाही.

आबाजी गेल्यावरही आजी दिवेलागण होताच दाराला आतून कडी घालीत असे, आणि पुन्हा उठून ती चाचपून पाही. आम्ही म्हणत असू, सवय आहे. एकदा तिने मला विचारले, "तो घरी आला का?" मी 'हो' म्हणालो. ती कोणाबद्दल विचारीत होती, हे मी त्या वेळी विचारले नाही.