पंगतीतली जागा

औरंगाबादच्या शहागंजात उभे राहिले की शहराचे वय कुणी सांगावे लागत नाही. १७२० च्या सुमाराची मोठी मशीद, तिला लागून दुकानांची ओळ, घड्याळाचा मनोरा, आणि उरलेल्या जागेत हातगाड्या, रिक्षा नि दिवसभराची घासाघीस. इथला हौद दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याच्या अमदानीत बांधला गेला. उन्हाळ्यात पाणी आटले की लोकांना त्याचाच आधार असे, असे इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवले आहे. बाजारात वस्तूचा भाव बोलून खाली-वर होतो. माणसाचा होत नसे. दोर, शिंकी, केरसुण्या विकायला घेऊन खेड्यातून निघालेल्या मांगाची किंमत जन्मतःच ठरलेली असे. ती त्याला कुणी तोंडाने सांगत नसे. विहिरीच्या काठावर आणि पंगतीच्या कडेला ती आपोआप कळे.

हल्ली आत्मसन्मान म्हटले की आरशासमोर उभे राहून स्वतःची समजूत घालण्याचे सल्ले मिळतात. पुस्तकांच्या दुकानात त्यांचा स्वतंत्र कप्पा असतो. मराठी मुलखातल्या ख्रिस्ती माणसांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा अनुभव वेगळा आहे. ‘तू देवाचे लेकरू आहेस’ हे वाक्य त्यांनीही ऐकले, मानले. पण ते खरे वाटायला कुणीतरी शेजारी बसावे लागले, कुणाच्या तरी हातचे पाणी प्यावे लागले.

शहागंजापासून पूर्वेला साठेक किलोमीटरवर जालना. तिथे नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मणाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक गाव वसवले. मुंबईत मिशनच्या शाळेत शिकताना त्यांनी १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा पोरगेला होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण तो मिशनऱ्यांकडे राहिला होता, जेवला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले आणि मुंबईच्या ब्राह्मणांत वादळ उठले : हा मुलगा आता पंगतीला बसवायचा की नाही? बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांनाही विरोध सोसावा लागला. मुलाने कोणता देव मानला हा प्रश्न बाजूलाच पडला. त्याने काय खाल्ले, कुणाच्या घरी खाल्ले, यावर त्याची पत उतरली होती.

हे सारे घरातच पाहिलेला माणूस पुढे जालन्याला आला आणि मांग-महारांत राहिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली आणि तिच्यावर ‘बेथेल’ उभे राहिले. बाप्तिस्मा घेतलेली कुटुंबे गावकुसाबाहेरून उठून आली. नव्या गावात त्यांना बाहेरचे ठरवणारे कूसच नव्हते. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्ती मंडळ्यांची जागतिक परिषद भरली, तेव्हा शेषाद्री डोक्याला पागोटे बांधून तिथे बोलायला उभे राहिले. विलायती पोशाख घातला असता तर कुणी हरकत घेतली नसती. कौतुकच झाले असते.

‘पोटासाठी बाटले’ हा शेरा अशा गावांवर हमखास मारला जाई, अजूनही मारला जातो. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर तर तो फारच सोपा झाला. शेरा मारणारे बहुधा भरल्या पोटाचे असतात. ज्याला आयुष्यभर शिळी भाकरी लांबून टाकली गेली, त्याला कुणी ताट वाढून समोर बसवले, तर त्यातला किती भाग भाकरीचा आणि किती बसवण्याचा, हे वेगळे करून दाखवणे त्यालाही जमले नसते. मिशनऱ्यांच्या अहवालांतही याचे उत्तर शोधून फारसे सापडत नाही. बाप्तिस्म्यांचे आकडे त्यांत बारकाईने दिलेले असतात. माणसे काय बोलली, हे क्वचितच.

तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातच घोगरगावला फ्रेंच फादर गुरियन जाकिये यांनी दलित कुटुंबांमध्ये काम केले. लोक त्यांना ‘गुरियन काका’ म्हणत. परदेशी पाद्र्याला काका म्हणून हाक मारायची आणि त्याने ओ द्यायची, एवढ्यानेही पुष्कळ काही सरळ होत असावे.

खालून वर येणाऱ्यांची ही गोष्ट. वरून खाली उतरावे लागलेल्या बाईची गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितली आहे, आणि मराठीत तिच्या तोडीचे आत्मचरित्र शोधावेच लागते. १८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मलेल्या या मुलीच्या वडिलांचे सोवळे इतके कडक की बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. नवरा नारायण वामन टिळक कवी, लहरी, सारखा गाव बदलणारा. १० फेब्रुवारी १८९५ ला त्याने मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. कित्येक वर्षे ताटातूट. परत एकत्र राहू लागल्यावरही चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे शाबूत. पतीवर जीव, आणि त्याच्या हातचे पाणी चालत नाही!

मग एके दिवशी त्यांनी स्वतःशीच हिशेब मांडला : जाती देवाने केल्या असतील तर त्या माणसाच्या अंगावर दिसायला हव्या होत्या. तशा त्या कुठे दिसत नाहीत. तेव्हा इथून पुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे त्यांनी ठरवून टाकले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. हा क्रम महत्त्वाचा आहे. धर्म बदलला म्हणून विटाळ गेला नाही. आधी विटाळ गेला आणि मग धर्माची वाट मोकळी झाली. जन्माने मिळालेली वरची पायरी सोडताना आपण कमी होत नाही, हे या बाईला कुणी प्रवचन देऊन पटवलेले नाही. शाळेत नीट न गेलेल्या या बाईने मराठीला जे पुस्तक दिले, त्यात स्वतःचीच टिंगल करण्याचा केवढा मोकळेपणा आहे! स्वतःवर असे हसायला आतून भक्कम असावे लागते. टिळकांची कविता मोठी मानली जाते, पण आज वाचताना बायकोचे गद्य जास्त जिवंत वाटते.

पंडिता रमाबाईंना आणखी एक लढाई लढावी लागली, तीही ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्याशीच. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्या ख्रिस्ती झाल्या. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा अशी, की आता बाईंनी चर्चचे मुकाट ऐकावे. रमाबाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. शाकाहार सोडला नाही. ब्राह्मण शास्त्र्यांपुढे न झुकलेली बाई इंग्रज बिशपांपुढेही झुकली नाही, आणि याचे कारण त्या आपल्या श्रद्धेतच शोधत : देवाला थेट जाब द्यायचा असेल तर मधल्या माणसाची परवानगी कशाला?

पुढे केडगावला दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली आणि विधवा त्यांनी सांभाळल्या. १९०० च्या आसपास त्यांच्या ‘मुक्ती’ आश्रमात जवळपास दोन हजार जणी होत्या. आश्रमाचा स्वतःचा छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खे बायबल आणले. १९२२ च्या एप्रिलमध्ये मृत्यू आला तोवर काम हातावेगळे झाले होते. ते छापायला आश्रमातल्याच बायका होत्या. पांढऱ्या पायाची म्हणून घराबाहेर काढलेल्या बाईने देवाच्या शब्दाचा खिळा उचलून जुळवायचा, यापुढे आत्मसन्मानाची कार्यशाळा काय घेणार?

पण पायरी इतक्या सहज पुसली जात नाही. ख्रिस्ती झालेल्यांतही ब्राह्मण ख्रिस्ती, महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती राहिलेच. सोयरीक जमवताना तर हटकून. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती समाजाच्या स्थितीवर लिहिताना हेच नेमके दाखवून दिले. त्यांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले, १९५६ मध्ये बुद्धाचा मार्ग घेतला, आणि मराठवाड्यातल्या दलितांचा मोठा समूह त्या वाटेने गेला. ख्रिस्ती वाट त्यामानाने अरुंद राहिली.

त्याच १९५० मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला : अनुसूचित जातीत गणला जाणारा माणूस हिंदूच असला पाहिजे. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. महाराष्ट्रात धर्मांतरित ख्रिस्ती ओबीसीत मोडतात. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा नवा आयोग नेमला गेला. कायद्याचा युक्तिवाद असा, की ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून ख्रिस्ती माणसाला जातीचा जाच नाही. खेड्यातल्या विहिरीला हा युक्तिवाद कुणी कळवलेला दिसत नाही.

म्हणून घराघरांत एक तडजोड चालते. रविवारी उपासना, कपाटात बायबल, पोराचे घरातले नाव शिमोन किंवा योना. शाळेच्या दाखल्यावर मात्र दुसरेच नाव आणि ‘हिंदू मांग’. पाळकाला ते ठाऊक असते, शाळेच्या कारकुनालाही. यात लबाडी शोधणारे पुष्कळ आहेत. ज्याने आपली किंमत इतरांना ठरवू द्यायची नाही असे एकदा ठरवले, त्यालाच पुन्हा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जुनी किंमत स्वतःच्या हाताने लिहावी लागते, याचा जाब कुणाला विचारायचा हे मात्र ते सांगत नाहीत.