झोपलं की थांबणारी डोकेदुखी

आमच्या हातून घरात एक चूक झाली. ती लिहावी की झाकून ठेवावी, यावर आमचं बरेच दिवस एकमत होत नव्हतं. शेवटी भावजयच म्हणाली, "आपा, लिहा. कुणाच्या तरी सुनेच्या कामी येईल."

मागच्या वर्षी मीरा रोडच्या एका लहान प्रसूतिगृहात तिचं सिझर झालं. मुलगा झाला, अलहमदुलिल्लाह. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखू लागलं. तिथे सांगितलं, गॅस आहे, अशक्तपणा आहे. घरी आणल्यावर अम्मीने नजर उतरवली, कपाळाला बाम चोळला, कानावरून ओढणी घट्ट बांधली. पण दुखणं विचित्र होतं. पलंगावर आडवी असली की ती हसायची, बाळाशी बोलायची. उठून बसली की पाच-दहा मिनिटांत डोकं धरायची, मान आखडायची, कानात शिट्टी वाजते म्हणायची.

आम्ही याचा काय अर्थ काढला? कामाच्या वेळीच बरं दुखतं! तोंडावर कुणी बोललं नाही, पण स्वयंपाकघरात बोललो आणि तिला ऐकू गेलं. सातव्या दिवशी अकीका होता. पाहुण्यांसमोर तिला खुर्चीवर बसवलं. थोड्याच वेळात तिचा चेहरा पांढरा पडला. बाळ अम्मीच्या मांडीवर देऊन ती सगळ्यांदेखत जमिनीवर आडवी झाली. एक खाला पुटपुटल्या, "आजकालच्या मुली!"

त्याच संध्याकाळी भावाने तिला मुंबईला न्यायचं ठरवलं. रिक्षात बसवेना, म्हणून शेजाऱ्यांची गाडी मागितली. दहिसर चेकनाक्याच्या गर्दीत ती मागच्या सीटवर पडून होती. मोठ्या रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी दोनच प्रश्न विचारले. पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं होतं का? आणि झोपल्यावर दुखणं थांबतं का? ज्या गोष्टीला आम्ही बहाणा समजत होतो, तीच रोगाची खूण निघाली.

त्यांनी समजावलं ते असं. मेंदू आणि मज्जारज्जू पाण्यासारख्या द्रवात असतात. सुमारे दीड किलोच्या मेंदूचं वजन त्यात तरंगताना जेमतेम ५० ग्रॅम भरतं. हा द्रव एका वेळी साधारण १५० मिलीलिटर असतो, आणि शरीर रोज जवळपास अर्धा लिटर नवा बनवतं. भुलीची सुई कण्याभोवतीच्या आवरणातून जाते. ते भोक कधी कधी लवकर बुजत नाही आणि द्रव झिरपत राहतो. मग उभं राहिलं की आधार कमी पडलेला मेंदू खाली ओढला जातो. आडवं झालं की ताण सुटतो. यात डॉक्टरची चूक असतेच असं नाही. पेन्सिलीच्या टोकासारख्या बारीक सुया आल्यापासून हे प्रमाण बरंच घटलं आहे.

१८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बियर या सर्जनने ही भूल स्वतःवर करून पाहिली, तेव्हा त्याचंही डोकं नऊ दिवस दुखलं आणि आडवं झाल्यावर थांबलं. त्याला मात्र कुणी कामचुकार म्हटलं नसावं. तो प्रोफेसर होता, सून नव्हता.

हे दुखणं बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत आपोआप जातं. तोवर विश्रांती, भरपूर पाणी, वेदनाशामक गोळ्या, थोडी कॉफी. आधी डॉक्टरांनी रक्तदाब, ताप, नजर सगळं तपासलं. कारण बाळंतिणीचं डोकं इतर कारणांनीही दुखतं, आणि ती कारणं जिवावर बेतू शकतात. झोपूनही न थांबणारं दुखणं, ताप, झटके, धूसर दिसणं, हातापायांत अशक्तपणा, वाढलेला रक्तदाब, यांतलं काही असेल तर नजर उतरवत बसू नये, तडक रुग्णालय गाठावं. कुणाकुणाला इंजेक्शनशिवायही अशी गळती होते. तेव्हा मेंदूचा आणि कण्याचा एमआरआय लागतो, आणि तोवर रोगी मायग्रेनच्या, सायनसच्या गोळ्या खात राहतो.

औषधांनी फरक पडेना, तेव्हा नवव्या दिवशी डॉक्टरबाईंनी उपाय सांगितला. तिच्याच दंडातून सुमारे २० मिलीलिटर रक्त काढायचं आणि पाठीत, आवरणाच्या बाहेर सोडायचं. ते गोठून भोकावर बूच बसतं. १९६० साली जेम्स गॉर्मली या अमेरिकन डॉक्टरने ही युक्ती पहिल्यांदा मांडली, तीही अवघ्या दोन-तीन मिलीलिटर रक्तावर. पुन्हा पाठीत सुई म्हटल्यावर अम्मी रडायलाच लागली. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. बहुतेकांना गुण येतो, काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, चार दिवस कंबर दुखेल. भावजय म्हणाली, "करा."

दोन तास तिला उताणं झोपवलं. मग ती हळूच उठून बसली. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तिने बाळ मागितलं आणि बसूनच त्याला पाजलं. पुढे काही दिवस वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, एवढंच पथ्य होतं.

उर्दूत दर्दे-सर आणि मराठीत डोकेदुखी, दोन्ही शब्द त्रासदायक माणसालाही लावतात. वर्गात हे आम्ही गमतीने शिकवायचो. माफी मात्र अजून कुठल्याच भाषेत नीट मागता आलेली नाही. त्या रात्री परतताना अम्मीने गाडीत तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले आणि घरापर्यंत दाबत राहिली.